पांढरा चौकोन म्हणजे होकार नव्हे

‘कॅलेंडर मोकळं दिसत होतं, म्हणून मीटिंग टाकली.’ हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतं. त्यावर वाद घालता येत नाही, कारण बोलणाऱ्याच्या बाजूने साक्षात सर्व्हर उभा असतो. ऑफिसांचे मेल सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. ही साक्ष जिथे तयार होते ती जागा मी रोज बघते, म्हणून ठामपणे सांगते की सर्व्हर असं काही म्हणालेला नसतो. अमक्या वेळेला अमक्याच्या कॅलेंडरात नोंद नाही, एवढंच त्याने सांगितलेलं असतं. हा माणूस रिकामा बसलाय, त्याला बोलावलं तर चालेल, बोलावल्यावर त्याने आलंच पाहिजे, हे पुढचं सगळं आपण पदरचं घालतो.

आणि आता मागणी आणखी पुढे गेली आहे. नोंद असेल तर ती कसली, हेही सगळ्यांना दिसावं म्हणतात. माझा या दोन्हीला विरोध आहे. विरोध तंत्रज्ञानाला नाही. उलट, ज्यांनी हे तंत्र बांधलं त्यांनी मर्यादा राखली होती आणि आपण ती मोडतोय, अशी माझी तक्रार आहे.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. तुम्ही आउटलुकमध्ये नवी मीटिंग उघडता, शेड्युलिंग असिस्टंटमध्ये दहा जणांची नावं टाकता. आउटलुक एक्सचेंज या मेल सर्व्हरला विचारतं की हे दहा जण कधी मोकळे आहेत. सर्व्हर प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये डोकावतो आणि उत्तरादाखल आकड्यांची एक माळ पाठवतो. साधारणपणे दर अर्ध्या तासाला एक आकडा. 0 म्हणजे मोकळा, 1 म्हणजे नक्की नाही, 2 म्हणजे बिझी, 3 म्हणजे ऑफिसबाहेर, 4 म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून काम. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा हा दिवस अठरा आकड्यांत संपतो. माझा एखादा मंगळवार असा दिसतो: 002222000022110000. दहा ते बारा बिझी, दोन ते तीन बिझी, तीन ते चार नक्की नाही, बाकी सगळी शून्यं. पडद्यावर या शून्यांचे पांढरे चौकोन होतात, दोनाचे निळे.

आता त्या शून्यांमध्ये मी काय करत होते? रात्रीचा बॅकअप नीट झाला की नाही ते तपासलं. अडकलेली मेल सोडवली. आलेली तिकिटं बंद केली. एका नव्या सेटिंगचा कागद शांतपणे वाचला. आणि हो, डबाही खाल्ला. यातल्या कशाचीही नोंद मी कॅलेंडरात केली नव्हती, कारण काम करायला कुणी निमंत्रण पाठवत नाही. प्रोग्रामरचं कोड लिहिणं, अकाउंट्सवाल्यांचं महिनाअखेरीचं जुळवणं, टेस्टरचं तेच ते बटण शंभर तऱ्हांनी दाबून बघणं, हे सगळं शून्यांतच होतं. ज्या कामाचा पगार मिळतो त्यातलं बहुतेक काम सर्व्हरच्या लेखी ‘मोकळा’ या खात्यात जमा आहे. पांढरा चौकोन बघून मीटिंग टाकणारा हे विसरतो.

1 या आकड्याची गंमत आणखी वेगळी. तुम्हाला कुणी निमंत्रण पाठवलं आणि तुम्ही अजून ते उघडूनही पाहिलं नाही, तरी सर्व्हर ते तुमच्या कॅलेंडरात ‘नक्की नाही’ म्हणून मांडून ठेवतो. म्हणजे तुमच्या दिवसात जागा आधी अडवली जाते, तुमचं मत नंतर विचारलं जातं. उलट बाजूही आहे. आउटलुकमध्ये अख्ख्या दिवसाची नोंद केली तर ती आपोआप ‘मोकळा’ या सदरात पडते. वाढदिवस, जयंत्या अशा नोंदींसाठी ते सोयीचंच आहे. पण आमच्याकडचा एक जण ‘गणपती, गावी’ अशी नोंद करून निर्धास्त सावंतवाडीला गेला. मागे त्याच्या तीन दिवसांच्या पांढऱ्या चौकोनांत लोकांनी मीटिंगा रचल्या आणि तो आला नाही म्हणून नाराजीची मेलही टाकली. सर्व्हर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं होतं त्याचंच उत्तर त्याने दिलं होतं.

पूर्वी या उत्तरावर इतका भरवसा कुणी ठेवत नसे, आणि त्याला कारण होतं. एक्सचेंज 2003च्या काळात मोकळ्या-बिझी वेळांची माहिती मेलबॉक्समधून थेट वाचली जात नसे. ती एका छुप्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवलेली असे. त्या फोल्डरला नावही आउटलुकच्या आधीच्या शेड्यूल प्लस या प्रोग्रामचं होतं. प्रत्येक माणसाचा त्यात एक संदेश. तो संदेश ताजा करायचं काम त्या माणसाच्या पीसीवरच्या आउटलुकचं, दर पंधरा मिनिटांनी, आणि तेही मुळात पुढच्या दोन महिन्यांपुरतं. आउटलुक बंद असेल तर माहिती शिळी राहण्याची शक्यता. तो संदेश बिघडला, तर आउटलुक एका खास स्विचने चालू करून तो पुसून नव्याने लिहायला लावायचा, हा आम्हा अ‍ॅडमिन मंडळींचा नेहमीचा तोडगा. लोटस नोट्सवाल्यांकडे याच कामासाठी बिझीटाइम नावाची वेगळी डेटाबेस फाइल असे.

एक्सचेंज 2007पासून हे बदललं. नवं आउटलुक असेल तर सर्व्हर विचारलं त्या क्षणी थेट मेलबॉक्स वाचून सांगू लागला. तांत्रिकदृष्ट्या ही मोठी सुधारणा, माझा तर निम्मा त्रास गेला. पण एक गोष्ट त्याबरोबर हरवली. माहिती शिळी असू शकते हे जेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा लोक इंटरकॉम उचलून विचारायचे, ‘काय हो, उद्या अकराला जमेल का?’ समोरचा म्हणायचा, ‘अकराला नको, साडेबाराला या.’ या दोन वाक्यांत संमती मागणं आणि देणं दोन्ही होऊन जायचं. माहिती अचूक झाली आणि विचारण्याची गरजच संपल्यासारखं आपण वागू लागलो. माहितीची अचूकता आणि माणसाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र कुठल्याच अपग्रेडने बदललेलं नाही.

ज्यांनी हे नियम घडवले त्यांना तो फरक माहीत होता. वेगवेगळ्या कंपन्यांची कॅलेंडरं एकमेकांशी बोलावीत म्हणून नोव्हेंबर 1998मध्ये आयकॅलेंडरचं मानक आलं, आरएफसी 2445. लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन, म्हणजे त्या काळच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसं, त्याचे लेखक होते. सप्टेंबर 2009मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी 5545. या मानकात मोकळ्या-बिझी वेळेसाठी एक स्वतंत्र घटक आहे. त्यात वेळ कधीपासून कधीपर्यंत आणि ती कोणत्या प्रकारची, इतकंच प्रत्येक कालखंडासोबत लिहिता येतं. मीटिंग कशाची आहे हे लिहायला तिथे जागाच ठेवलेली नाही. सर्व्हरवरचं कॅलेंडर दुरून वाचता-बदलता यावं म्हणून मार्च 2007मध्ये आलेल्या कॅलडॅव्हच्या मानकात तर ‘फक्त मोकळं-बिझी वाचण्याचा’ अधिकार पूर्ण कॅलेंडर वाचण्याच्या अधिकारापासून वेगळा काढला आहे.

एक्सचेंजमध्येही हीच शिस्त दिसते. नवा मेलबॉक्स तयार होतो तेव्हा कंपनीतल्या इतरांना त्याच्या कॅलेंडरातलं फक्त मोकळं-बिझी दिसतं. त्याच्या वरची पायरी म्हणजे विषय आणि ठिकाण. त्याच्याही वर संपूर्ण तपशील. मीटिंग रूमच्या कॅलेंडरात तर मूळ सेटिंगनुसार मीटिंगचा विषय पुसून त्या जागी बोलावणाऱ्याचं नाव टाकलं जातं. खोली कोणी घेतली आहे हे दारात उभ्या असलेल्याला कळावं, आत कशाची चर्चा चालू आहे हे कळू नये. वाड्यात शेजाऱ्याच्या दाराला कुलूप दिसलं की तो घरी नाही एवढं आपल्याला कळायचं. तो कुठे गेलाय हे त्या कुलपावर लिहिलेलं नसायचं.

आणि आता तेच लिहायची मागणी आहे. काही काळापूर्वी एका विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. ‘मॅडम, सगळ्यांची कॅलेंडरं सगळ्यांना उघडी करता येतील का? पारदर्शकता हवी आहे.’ मी म्हटलं, ‘येतील.’ खोटं कशाला बोलू? प्रत्येक मेलबॉक्सवर परवानगीची पायरी एकाने चढवणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची, संध्याकाळी चालवून घरी जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या नोंदीचा विषय प्रत्येकाला दिसतो. अवघड काहीच नाही. म्हणूनच मी त्यांना विचारलं, ‘सर, आधी तुमचंच उघडून बघू या का?’ ते हसले. विषय त्या दिवसापुरता मिटला.

हसण्यासारखं त्यात फार नाही. ऑफिसच्या कॅलेंडरात लोक कंपनीचंच लिहितात असं ज्यांना वाटतं त्यांनी लोकांशी बोलून पाहावं. दिवसाचं कॅलेंडर एकच असतं, म्हणून माणूस सगळं त्यातच लिहितो. सोनोग्राफी. आईची केमोथेरपी. मुलाच्या शाळेत बोलावलंय. गृहकर्जासाठी बँक. वकील. समुपदेशन. कधीतरी दुसऱ्या कंपनीतली मुलाखतही. यातली एकेक नोंद निरुपद्रवी वाटते. पण दर तीन आठवड्यांनी गुरुवारी दुपारी ‘हॉस्पिटल’ असं दिसलं की शेजारच्या टेबलावरचा माणूस अंदाज बांधू लागतो, आणि ऑफिसातला अंदाज अप्रेझलपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

‘मग खासगीची खूण करावी ना,’ असं यावर सांगतात. खुणेची सोय आहे, ती केली की आउटलुक विषयाच्या जागी ‘खासगी’ असं दाखवतं. पण ज्याला फोल्डर वाचण्याचा अधिकार दिला आहे त्याच्यापासून तपशील लपवायला केवळ या खुणेवर विसंबू नका, असा इशारा खुद्द मायक्रोसॉफ्टच देतं, कारण दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून तो तपशील दिसू शकतो. शिवाय जिथे सगळ्यांचं सगळं उघडं आहे, तिथे खासगीची खूण करणाराच नजरेत भरतो. लपवण्याचा भार माणसावर टाकायचा की बघण्याचं कारण मागणाऱ्याला विचारायचं, हा खरा प्रश्न आहे. मी दुसऱ्या बाजूची आहे.

कायद्याकडे बघून फार दिलासा मिळत नाही. 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेता वापरण्याची वाट ठेवली आहे. कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. फ्रान्समध्ये तसा हक्क 2017पासून आहे. आपल्याकडे तूर्त तरी ही लक्ष्मणरेषा ऑफिसच्या धोरणानेच आखायची आहे.

मॅनेजर मंडळींची बाजू मला कळत नाही असं नाही. रात्रपाळीला कोण आहे, क्लायंटच्या कॉलवर कोण बसलंय, हे सपोर्ट टीमला एकमेकांचं तपशिलात कळलंच पाहिजे. सेक्रेटरीला साहेबांचं कॅलेंडर उघडं असलंच पाहिजे. पाच-सहा जणांच्या टीमने आपसांत ठरवून विषय दाखवले तर काम सोपं होतं, आमच्या टीमने तसं केलेलंही आहे. पण त्यासाठी सर्वांसाठीची मूळ परवानगी बदलावी लागत नाही. ज्याला दाखवायचं त्याच्या नावाने ती देता येते आणि काढूनही घेता येते. ज्याने दिली त्याला ती कोणाला दिली हे माहीत असतं. पारदर्शकता हवी तर अशी हवी, देणाऱ्याच्या हाताने दिलेली.

आता घड्याळाकडे येते, कारण पुण्याच्या आयटीवाल्यांचं निम्मं दुखणं तिथे आहे. सर्व्हर आकड्यांच्या माळेसोबत माणसाचे कामाचे तास आणि टाइम झोनही पाठवतो. आउटलुकमध्ये मूळ नेमणूक सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच अशी असते, आणि बहुतेकांनी ती आयुष्यात बदललेली नसते. जो दुपारी एक ते रात्री दहा अशी पाळी करतो, त्याची सकाळ सर्व्हरच्या हिशेबाने कामाची वेळ ठरते. रात्री बारापर्यंत जागलेल्या माणसाला सकाळी साडेआठचं निमंत्रण येतं, पाठवणारा म्हणतो, ‘तुझे अवर्स दाखवत होते.’

त्यात अमेरिकेचं घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. न्यूयॉर्कमधल्या सकाळी दहाच्या मीटिंगला आपण उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला बसतो, हिवाळ्यात रात्री साडेआठला. दर आठवड्याची मीटिंग बोलावणाऱ्याच्या टाइम झोनला बांधलेली असते, त्यामुळे नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की पुण्यातल्या घरातली जेवणाची वेळ कुणालाही न विचारता तासाने पुढे जाते. 2007 साली अमेरिकेने ही तारीखच बदलली, मार्चमध्ये घड्याळ तीन आठवडे आधी सरकू लागलं, तेव्हा जगभरच्या मेल अ‍ॅडमिननी पॅच टाकत रात्री काढल्या. त्या वेळच्या ‘आपल्या मीटिंगांच्या वेळा तपासून घ्या’ या सूचना मला अजून आठवतात. तेव्हापासून पॅच सुधारले, पण रात्री साडेआठचा पांढरा चौकोन अजून पांढराच आहे.

व्हेंडर कंपनीत असाल तर आणखी एक पेच. तुम्हाला क्लायंटच्या सर्व्हरवर एक मेलबॉक्स मिळतो आणि स्वतःच्या कंपनीचा असतोच. दोन सर्व्हर, दोन कॅलेंडरं, एक माणूस. दोन कंपन्यांनी आपसांत उपलब्धतेची देवाणघेवाण जोडून घेतली नसेल तर एका सर्व्हरवरचा 2 हा आकडा दुसऱ्यावर 0 दिसतो. एकाच वेळी दोन्हीकडून बोलावणं येतं, आणि कुठेतरी ‘सॉरी, कॉन्फ्लिक्ट आहे’ म्हणत बिचारा उठतो. अशी जोडणी करता येते. तीत फक्त वेळ द्यायची की विषय आणि ठिकाणही, हेही निवडता येतं. फक्त वेळ द्या, तेवढी पुरते.

या सगळ्यावर लोकांनी आपापला उपाय शोधलाय. कॅलेंडर खोटं भरायचं. ‘फोकस टाइम’, ‘डू नॉट बुक’, ‘इंटर्नल’ अशा नोंदींनी दिवसच्या दिवस निळे करून टाकायचे. मी त्यांना दोष देत नाही, पण याचा परिणाम बघा. दहा जणांची नावं टाकली की पुढचे दोन आठवडे सगळं निळं. मग बोलावणारा म्हणतो की हे काही खरं नाही, आणि निळ्यावरच मीटिंग टाकतो. म्हणजे पांढऱ्याला अर्थ नव्हता, आता निळ्यालाही उरला नाही. वर काही ठिकाणी निळ्या रंगाची मोजदाद करून कोण किती कामसू याचा अंदाज बांधतात. ज्याचा दिवस मीटिंगांनी भरलाय तो कामाचा, ज्याने शांतपणे बसून प्रश्न सोडवला तो रिकामटेकडा. अशा मोजमापाने सर्वांत मोठं नुकसान कंपनीचंच होतं.

म्हणून माझं म्हणणं तीन मुद्द्यांत. सर्वांसाठीची परवानगी मोकळं-बिझी एवढ्यावरच ठेवा, त्यापुढचं ज्याचं त्याला ठरवू द्या. प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कामाचे तास आणि अख्ख्या दिवसाच्या सुट्टीची नोंद नीट कशी भरायची ते शिकवा. ऑफिसचा आयडी देताना पाच मिनिटं यासाठी खर्च झाली तर बिघडणार नाही. आणि चारपेक्षा जास्त माणसं किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ असेल, तर निमंत्रण पाठवण्याआधी एक ओळीचा मेसेज टाका: ‘चालेल का?’

यातलं पहिलं काम अ‍ॅडमिनचं आहे, आणि ते बहुतेक ठिकाणी केलेलंच आहे. फक्त ते मोडायची मागणी आली तर ‘कारण लेखी द्या’ म्हणायची हिंमत आमच्यात हवी. दुसरं एचआरचं. तिसरं मात्र तुमचं. आज संध्याकाळी पांढरा चौकोन बघून कुणाला मीटिंग टाकणार असाल, तर आधी विचारा. समोरचा ‘नाही’ म्हणू शकला, तरच त्याच्या ‘हो’ला किंमत आहे.